आठ बश्या आणि एक काळी चौकट

वायफायमधलं मला काही कळत नाही, हे मी इमारतीच्या सभेत स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे सांगायचं ठरवलं होतं. पण मी घसा साफ करेपर्यंत ठराव मंजूर झाला, ल्युबेनसाहेबांनी शिट्टी फुंकली आणि लोक घरी गेले. ल्युबेनसाहेब आमच्या जिन्याचे, म्हणजे एका दाराने आत जाणाऱ्या सोळा घरांचे, व्यवस्थापक. पूर्वी शाळेत कवायत शिकवत. निवृत्त झाले, शिट्टी मात्र गळ्यातच राहिली.

प्रकरण सुरू झालं ते इमारतीच्या कोटापासून. थंडीसाठी आमच्या आठ मजल्यांना बाहेरून थर्मोकोलचा थर चढवायचा ठरला आणि कंत्राटदाराने अट घातली की गच्चीवरून खिडक्या-खिडक्यांत लोंबणाऱ्या इंटरनेटच्या वायरी आधी काढा. वीस वर्षं ज्याला जशी सुचेल तशी त्याने वायर सोडली होती. शेजारच्या इमारतीतून आमच्याकडे, आमच्याकडून समोर; दोन वायरी तर कुठून कुठे जातात हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि त्या कापल्यावर कुणी रडलंही नाही. मग ठरलं की अख्ख्या जिन्याने एकच लाइन घ्यायची. प्रत्येक मजल्यावर छताला एक पांढरी चकती, आणि त्या आठही चकत्यांना हुकूम सोडणारा एक डबा. चकतीला ॲक्सेस पॉइंट म्हणतात आणि डब्याला कंट्रोलर. आमच्या जिन्यात कुणी तसं म्हणत नाही. चकतीला बशी म्हणतात, डब्याला डबा, आणि डबा सांभाळणाऱ्याला जे म्हणतात ते मला अर्धवटच ऐकू येतं.

डबा माझ्याकडे का आला? कारण तळघरातली खोली. जहाजांच्या कारखान्याचं वाचनालय बंद झालं तेव्हा मी तिथला शेवटचा ग्रंथपाल होतो. चार हजार पुस्तकं रद्दीत निघाली होती. मी ती आमच्या तळघरात आणली, जिथे पूर्वी बाबागाड्या ठेवत. वाचायला कुणी येत नाही. मी रोज सकाळी जातो, पुसतो, दोन-चार पुस्तकांच्या जागा बदलतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ववत लावतो. याला काम म्हणावं का, हा प्रश्न मला पडतो. पण उत्तर द्यायची वेळ कुणी आणली नव्हती. ती राइनाताईंनी आणली.

राइनाताई माझ्या समोरच्या दारात राहतात, दुसऱ्या मजल्यावर. कापड गिरणीत तीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात काम केल्यामुळे त्या कुजबुजल्या तरी चौथ्या मजल्यावर ऐकू जातं. हिवाळ्यासाठी भरलेल्या बरण्या ठेवायला ती खोली हवी, असं त्यांचं म्हणणं. “पुस्तकं काय खायची आहेत?” असं त्यांनी भरसभेत विचारलं होतं. यावर मला फार चांगलं उत्तर सुचलं होतं, पण गुरुवारी. सभा रविवारी होती.

तेव्हा ठराव असा झाला: खोली कोरडी आहे, कुलूप आहे, म्हणून डबा तिथे. कानेवसाहेबांनी, म्हणजे मी, त्याच्यावर लक्ष ठेवायचं. वायफायबद्दल तीन तक्रारी आल्या की खोली बरण्यांना.

मी घाबरलो, हे लपवत नाही. एका बाजूला चार हजार पुस्तकं आणि दुसऱ्या बाजूला तीन तक्रारी. आमच्या जिन्यात तीन तक्रारी व्हायला लिफ्टची एक फेरी पुरते.

बश्या बसवायला कालोयान आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, सतत काहीतरी कुरतडणारा माणूस. त्याने आठही मजल्यांवर बश्या ठोकल्या आणि त्यांची शेपटं झाडूवालीच्या यंत्रासाठी असलेल्या जिन्यातल्या प्लगमध्ये खोचली.

“खरं म्हणजे वीज पण इंटरनेटच्याच तारेतून द्यायला हवी होती, काका,” तो म्हणाला. “पण तुमच्या सभेने स्वस्तातलं मंजूर केलं. आता एवढंच सांगा सगळ्यांना, प्लगला हात लावायचा नाही.”

“आणि लावला तर?”

“तर बशी मेली.”

मग त्याने मला डब्याचा पडदा दाखवला. आठ हिरवे ठिपके. ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या बशीखाली कुणाकुणाचे फोन आहेत त्याची यादी. कुठला फोन केव्हा आला, केव्हा गेला, सगळं मिनिटानिशी. मी पटकन बोट काढून घेतलं. दुसऱ्याचं पत्र चुकून उघडावं तसं वाटलं. मग जरा वेळाने पुन्हा ठेवलं.

संशय पहिल्या आठवड्यातच जिन्यात शिरला. पाचव्या मजल्यावर बशीमुळे टोमॅटोची रोपं सुकली. सहाव्यावर एकाचा गुडघा दुखू लागला. तो आधीपासूनच दुखत होता, पण आता वेगळ्या जागी. राइनाताईंनी शिडी लावून आमच्या मजल्यावरच्या बशीला क्रोशाचं झाकण घातलं.

“ती बघते,” त्या म्हणाल्या.

“तिला डोळे नाहीत हो, ताई.”

“डोळे तुमच्याकडे आहेत, मेतोदीभाऊ. तळघरात. मला सगळं माहीत आहे.”

मी कालोयानला फोन करून विचारलं, लोकरीच्या झाकणाने काही बिघडतं का. तो म्हणाला, नाही, उलट बशीला सर्दी होणार नाही. त्याचं मोठ्याने हसणं मला आवडलं नाही.

सप्टेंबर लागला आणि बश्या मरू लागल्या.

सोमवारी सातवा मजला. नऊ वाजून पाच मिनिटांनी ठिपका लाल झाला, बारा वाजता पुन्हा हिरवा. मंगळवारी चौथा मजला, नऊ ते बारा. बुधवारी सहावा. मी लिफ्टने धावलो. धावलो म्हणजे, लिफ्टची वाट बघितली. आमच्या लिफ्टचं दार लागताना तोफ डागल्यासारखा आवाज होतो, त्यामुळे मी कुठल्याही मजल्यावर पोहोचेपर्यंत त्या मजल्याला माझी वर्दी आधीच मिळालेली असते. सहाव्यावर पोहोचलो तेव्हा प्लग जागच्या जागी, बशी डोळे मिचकावत जागी होतेय, आणि जिना कसा चकाचक. नको तितका चकाचक. फक्त कोपऱ्यात एक चपटी पिवळसर बी आणि काळं, जळकं, कागदासारखं एक सालपट पडलं होतं. मी दोन्ही पाकिटात घातली आणि पाकिटावर तारीख टाकली.

सप्टेंबरात आमच्या गावी कसला वास येतो हे सांगायला नको. डॅन्यूब नदीच्या घाटापासून स्टेशनापर्यंत प्रत्येक गॅलरीत लाल लांबट, तिखट नसलेल्या मिरच्या भाजल्या जात असतात. प्रत्येक घरी ते विजेचं भाजणी-यंत्र असतं, तळाशी लालबुंद झालेल्या छोट्या विहिरीसारखं. एकेक मिरची आत सोडायची, वर झाकण, दोन मिनिटांत साल काळं. मग सोलायच्या, वाटायच्या, टोमॅटोबरोबर आटवून बरण्यांत भरायच्या. तेव्हा वासावरून मला काही कळायला हवं होतं, असं जर कुणी म्हणालं तर मी एवढंच विचारेन की समुद्रात उभं राहून आपण ओले कशाने झालो हे कुणाला कळतं?

कालोयान येऊन बघून गेला. बशी उतरवली, कानाशी धरून हलवली, पुन्हा लावली.

“बशी मरत नाही, काका. कुणीतरी मारतंय.”

“कोण?”

“ते तुमचा डबा सांगेल. मरण्याआधी बशीखाली शेवटचा फोन कुणाचा होता ते बघा. खुनी नेहमी जवळचा असतो.”

हे वाक्य मी मनाला फार लावून घेतलं. वाचनालयातली कोरी कार्डं माझ्याकडे होतीच. प्रत्येक मृत्यूला एक कार्ड केलं: मजला, वेळ, शेवटचा फोन. पहिल्याच कार्डावर माझी लेखणी थबकली. सातवा मजला, सोमवार. शेवटचा फोन: ल्युबेनसाहेबांचा. ते तर तिसऱ्यावर राहतात. मग मंगळवारचं कार्ड केलं. चौथा मजला. शेवटचा फोन: राइनाताईंचा.

मला सगळं लख्ख कळलं. राइनाताई मजल्यामजल्यावर जाऊन प्लग उपटतात, तक्रारी होतात, खोली जाते, बरण्या येतात. आणि ल्युबेनसाहेब त्यांना सामील आहेत. बी आणि सालपट? ती त्यांच्या एप्रनला चिकटून पडली असणार. इतकं पक्कं गणित मी आयुष्यात पहिल्यांदाच मांडलं होतं आणि ते इतकं पक्कं कसं, याचाच मला जरा संशय येत होता.

तोंडावर आरोप करायची माझी छाती नाही. मी सूचना लावायचं ठरवलं. पलीकडच्या गल्लीत स्पिरिदोनचं छपाईचं दुकान आहे. त्याला मजकूर दिला: ‘जिन्यातल्या बश्यांची काळजी मेतोदी कानेव वाहतात. कृपया प्लगला हात लावू नये.’

“फोटो?” स्पिरिदोनने विचारलं.

“लागतो का?”

“नेहमी असतो.”

पासपोर्टचा एक फोटो पाकिटात होता. तो दिला. आधीच त्याच्या दुकानात दोन बायका काळे रुमाल बांधून उभ्या होत्या, त्यांच्यासमोर हुज्जत कशी घालायची?

“चौकट साधी की वेलबुट्टीची?”

“साधीच.”

“साध्या माणसाला साधीच शोभते,” तो म्हणाला आणि माझ्याकडे फार मायेने बघितलं. दाराबाहेर आल्यावर मला त्या नजरेचा विचार पडला, पण परत जाऊन विचारणं बरं दिसलं नसतं.

संध्याकाळी मी कागद मुख्य दाराच्या काचेवर लावला. आमच्याकडे त्या काचेवर मेलेल्यांचे कागद लागतात. कोण गेलं, केव्हा गेलं, चाळीस दिवस झाले, वर्ष झालं. काळी चौकट, वर फोटो, खाली दोन ओळी. तिथे गेल्या महिन्यात वारलेल्या एका बाईंचा कागद होता. त्याच्या शेजारी मी माझा चिकटवला, हाताने नीट दाबला, आणि झोपायला गेलो. चौकट काळी आहे हे मला दिसलं होतं. पण छापील मजकुराला चौकट असतेच, असं मी मनाशी म्हणालो. इतका गचाळ विचार ग्रंथपालाने करावा!

चौकटीच्या आतलं कुणी वाचलं नाही. कोण वाचतं? फोटो बघतात, हळहळतात, लिफ्टचं बटण दाबतात.

सकाळी साडेनऊला दार वाजलं. उघडलं तर राइनाताई. हातात साखर पेरलेल्या शिजवलेल्या गव्हांची ताटली, मेलेल्यासाठी वाटतात ती. डोळे लाल. मला बघून ताटली पडली.

“अरे देवा!” हे त्या कुजबुजल्या, त्यामुळे सगळ्या जिन्याने ऐकलं. “मग तुम्ही गेलात की नाही?”

“नाही गेलो. माफ करा.”

“माफ करा काय! पहाटे उठून गहू शिजवले मी! रडले! खरं रडले, मेतोदीभाऊ, कांदा न चिरता!”

मी वाकून गहू गोळा करू लागलो. अशा वेळी माणसाने काय करायचं असतं ते कुठल्याच पुस्तकात मला सापडलेलं नाही. आणि तेवढ्यात दिवे गेले.

माझ्या मृत्यूची बातमी पसरल्यामुळे त्या सकाळी डब्यावर कुणाचंच लक्ष नसणार, असं सगळ्यांनी धरलं होतं, हे मला नंतर समजलं. तीन मजल्यांवर एकदम बश्या उपटल्या गेल्या आणि जिन्याचा मुख्य फ्यूज उडाला. लिफ्ट पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये अडकली. आत ल्युबेनसाहेब होते. चाळीस मिनिटं शिट्टी वाजत होती. सोडवलं तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्राने झाकलेली एक जड बादली होती.

“हत्यारं,” ते म्हणाले, कुणीही विचारलं नसताना. मग मला पाहिलं, दचकले, आणि दचकल्याचा राग आला. “कानेवसाहेब! तुमच्या डब्याने फ्यूज उडवला! दोन तक्रारी आधीच आहेत, ही तिसरी! रविवारी सभा!”

त्या दिवशी तळघरात गेलो तर खोलीच्या दाराशी खडूच्या खुणा दिसल्या. कुणीतरी फळ्यांची मापं घेतली होती. माझ्या मरणाला पुरते चोवीस तास झाले नव्हते. उरलेली कार्डं पुरी करत बसलो. डब्यातली यादी मागे मागे वाचत गेलो, एकेक मजला, एकेक फोन. संध्याकाळी कार्डं अनुक्रमे लावली आणि मग टेबलावर पसरून बघितली. माझं पक्कं गणित कोसळलं.

फक्त राइनाताई नव्हत्या. फक्त ल्युबेनसाहेब नव्हते. टोमॅटोवाले पाचव्यावरचे होते, दुखऱ्या गुडघ्याचे होते, पहिल्या मजल्यावरचं तरुण जोडपंही होतं. प्रत्येक जण आपला मजला सोडून दुसऱ्याच्या मजल्यावर, पाळीपाळीने, नऊ ते बारा. सोळापैकी पंधरा घरं. एका मजल्यावर एका वेळी एकच. याला कट म्हणतात हे मला ठाऊक होतं. मी पाकीट उघडलं, बी तळहातावर घेतली, आणि पहिल्यांदाच तिचा वास घेतला.

मिरची. जिन्याच्या प्लगवर, सगळ्यांच्या सामायिक विजेवर, ते मिरच्या भाजत होते. वायर त्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या दाराखालून आत नेऊन; आपल्याच मजल्यावर भाजलं तर संशय आपल्यावर येईल म्हणून. बशीचं शेपूट उपटायचं, भाजणी-यंत्राचं खोचायचं.

रविवारी सभेला सगळे आले. खुर्च्या आपापल्या घरून आणायच्या असतात; राइनाताईंनी दोन आणल्या आणि एक माझ्यापुढे सरकवली, रागाने. ल्युबेनसाहेबांनी शिट्टी फुंकली.

“विषय एक. डबा. बारा वेळा वायफाय गेलं, एकदा फ्यूज. कानेवसाहेबांना काही म्हणायचंय का? नसेल तर मतदान.”

मला म्हणायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा गुरुवारची वाट न बघता मी रविवारीच उभा राहिलो. हातात कार्डं.

“डब्याचा दोष नाही,” मी म्हणालो. “माझ्याकडे नोंद आहे. कुठली बशी केव्हा गेली आणि तेव्हा तिच्याखाली कोण होतं. मिनिटानिशी.”

टोमॅटोवाल्यांनी खोकला सुरू केला आणि मध्येच सोडला. ल्युबेनसाहेबांचा हात शिट्टीकडे गेला आणि तिथेच राहिला.

“मी म्हटलं नव्हतं? ती बघते!” राइनाताई म्हणाल्या.

“पहिलं कार्ड,” मी म्हणालो. “सोमवार. सातवा मजला.” ल्युबेनसाहेब माझ्याकडे बघत होते. कवायत चुकलेल्या पोराकडे ते जसे बघत असतील तसे नव्हे. कवायत चुकलेलं पोर जसं बघत असेल तसे.

“वाचा की,” राइनाताई म्हणाल्या. “थांबलात का? सगळी वाचा. माझंही वाचा. होय, भाजल्या मी, चौथ्यावर. आपल्या मीटरवर भाजलेल्या मिरचीला चव नसते, हे माझी आई सांगायची. पंधरा घरांची नावं वाचा, आणि मग सोळाव्याचंही वाचा.”

“सोळावं माझं आहे,” मी म्हणालो. “मी भाजत नाही.”

“नाही भाजत. येलिसावेता वहिनी गेल्यापासून तुमच्या गॅलरीत कधी धूर दिसला नाही. आणि सहा वर्षं ऑक्टोबरात तुमच्या दाराशी बरण्या येतात. बारा असतात ना?”

“पंधरा,” मी म्हणालो.

“पंधरा! मोजल्यात ना? कुठून येतात वाटलं तुम्हाला? डॅन्यूबमधून पोहत?”

मी खाली बसलो. खरं सांगायचं तर त्या बरण्यांचा मला दर वर्षी संशय यायचा. कुणी ठेवल्या, का ठेवल्या, चुकून तर नाही ना ठेवल्या. चिठ्ठी नसायची. पहिल्या वर्षी मी पहिली बरणी आठवडाभर उघडली नव्हती. मग उघडली, पावावर फासली, आणि उभ्या उभ्या अर्धी संपवली. त्यानंतर संशय यायचा, पण खाऊन झाल्यावर. सहा वर्षं मी चोरीच्या विजेवर भाजलेल्या मिरच्या खात होतो आणि मालाच्या चवीवरून चोर चांगले असावेत एवढाही निष्कर्ष मला काढता आला नव्हता.

मी पुन्हा उभा राहिलो. कार्डं कोटाच्या आतल्या खिशात टाकली.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो. “सप्टेंबरात बश्यांना विश्रांती द्यावी लागते. उष्णतेमुळे. रोज एका मजल्याला, नऊ ते बारा. त्याचं वेळापत्रक मी लावायला हवं होतं. ते लावलं नाही, म्हणून एका दिवशी तीन बश्या एकदम विश्रांतीला गेल्या आणि फ्यूज उडाला. तक्रार खरी आहे. खोलीचं काय ते ठरवा.”

बोलून झाल्यावर मला पुस्तकं दिसली, चारी भिंती, आणि मी खिशातली कार्डं आणखी खाली दाबली. भीतीने, मोठेपणाने नव्हे.

“उष्णतेमुळे?” ल्युबेनसाहेबांनी सावकाश विचारलं.

“उष्णतेमुळे.”

“तांत्रिक बाब आहे,” ते सभेकडे वळून म्हणाले. “मतदान. डबा आणि खोली कानेवसाहेबांकडे राहावी, असं किती जणांना वाटतं?”

पहिला हात राइनाताईंचा. वर करतानाच त्या कुजबुजल्या, “पण सगळ्यात खालची फळी बरण्यांना. पुस्तकं वर चढवा. तुमचा तो तत्त्वज्ञानाचा ढीग कुणी खाली वाकून वाचणार आहे का?”

मी कबूल झालो. तत्त्वज्ञान वरच्या फळीवर गेलं. तिथे तसंही ते शोभतं.

सोमवारी सकाळी मी वेळापत्रक घेऊन स्पिरिदोनकडे गेलो. मला बघून तो दोन पावलं मागे सरला, आणि त्याच्या कपाटातली तयार चौकट खाली पडली. पांढरी चौकट त्याच्याकडे नाहीच, म्हणाला, मागणी नसते. तेव्हा आता दर सप्टेंबरात आमच्या दाराच्या काचेवर काळ्या चौकटीतला कागद लागतो. वर फोटोच्या जागी एका पांढऱ्या बशीचा फोटो. खाली मजकूर: ‘चौथ्या मजल्याची बशी मंगळवारी नऊ ते बारा आपल्यात नसेल. शोकाकुल, समस्त जिना.’

लोक बघतात, हळहळतात, आणि मिरच्या धुवायला वर जातात.